पैलवान खांबावर चढते

बेकरीत तिला सगळे पैलवान म्हणत. पिठाचं पंचवीस किलोचं पोतं बाकीचे दोघं मिळून उचलत, आणि ही एका काखेत एक, दुसऱ्या काखेत दुसरं घेऊन “सरका, सरका” करत निघून जाई. नाव आधी बेकरीत पडलं, मग गल्लीत पोचलं आणि शेवटी घरात शिरलं. नवरासुद्धा लाडात आला की तेच म्हणे. तो घड्याळजी होता. दिवसभर डोळ्याला भिंग लावून मुंगीच्या पायाएवढे स्क्रू फिरवायचा, हाताला कंप म्हणून नाही. पण स्टुलावर चढून बल्ब बदलायचा म्हटलं की त्याचे पाय लटपटत. घरातले बल्ब पैलवानच बदलायची.

एके दिवशी सकाळी आठच्या सुमाराला, दोनशे पाव भट्टीत असताना वीज गेली. अर्धवट फुगलेले पाव बघता बघता बसले. मालकाने कपाळाला हात लावला. पैलवानने बाह्या सरसावल्या आणि वीजवाल्यांना फैलावर घ्यायला ती रस्त्यावर आली.

नाक्यावर कंपनीची गाडी उभी होती. खांबाच्या टोकाशी, कमरेचा पट्टा खांबाला अडकवून, एक बाई काम करत होती. साधारण पैलवानच्याच वयाची.

“अहो, किती वेळ लावणार? माझे दोनशे पाव बसले तिकडे!” पैलवान खालून ओरडली.

“मग या वर, ताई! दोघी मिळून केलं तर लवकर होईल!” वरून उत्तर आलं.

गाडीजवळचे दोघं हसले. येणारे-जाणारे हसले. पैलवानला मात्र हसू आलं नाही. ती चाळीस मिनिटं मान वर करून तिथेच उभी राहिली. ती बाई एक हात न हलवता दुसऱ्या हाताने काय काय करत होती, ते बघताना तिला पावांचा विसर पडला. बाई खाली उतरली, हातमोजे काढले, तेव्हा पैलवानने भांडायचं सोडून विचारलं, “याला काय काय लागतं?”

“शिकाऊ म्हणून उमेदवारी करावी लागते. कंपनी दरवर्षी बारा जण घेते. ऑफिसात फॉर्म मिळतो.” बाईने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “पाय कसे आहेत?”

“दोन आहेत.”

“पुरेत,” बाई म्हणाली आणि गाडीत बसून गेलीसुद्धा.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर फॉर्म आला. नवऱ्याने तो हातात घेतला, वाचला आणि लांब धरला, जणू फॉर्मच उंचावर होता.

“तू? खांबावर?”

“मग काय, खांबाखाली? वयाची अट पस्तीस. मला तेहेतीस झाली. अवजड गाडीचा परवाना हवा, तो काढीन. चढून दाखवायचं, तेही शिकेन.”

“आणि हे?” नवऱ्याने एका ओळीवर बोट ठेवलं. शालान्त परीक्षेत गणितात किमान पन्नास टक्के. नसल्यास कंपनीची गणिताची पात्रता परीक्षा द्यावी.

टेबलाच्या पलीकडे सासूबाई शांतपणे जेवत होत्या. त्यांच्यासमोर गणिताचा विषय निघाला की पैलवान आजही ताटात मान घालायची. त्याला कारण होतं. सासूबाई बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवत होत्या, आणि नववीत पैलवान त्यांच्याच वर्गात होती. बीजगणितात तिला नापास करणारं लाल पेन याच हातातलं. उत्तरपत्रिकेवर शेरा होता, ‘प्रयत्न आहे, पण उत्तराशी संबंध नाही.’ पुढे त्याच बाईंच्या मुलाशी तिचं जुळलं, लग्न झालं, तरी तिच्या तोंडून कधी ‘आई’ निघालं नाही. ‘बाई’ ते ‘बाई’च.

“किती होते शालान्तला?” बाईंनी विचारलं.

“छत्तीस.” मग घाईघाईने ती म्हणाली, “मी क्लास लावणार आहे.”

बाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. “घरात मी बसलेय, आणि तू क्लास लावणार? लोक काय म्हणतील मला?”

दुसऱ्या दिवसापासून दुपारी चार ते साडेपाच स्वयंपाकघराची शाळा झाली. बाई साडी बदलून येत. वर्गात विद्यार्थिनी एकच, तरी हजेरी होई.

“हजर, बाई,” पैलवान म्हणे, आणि दाराआड नवरा तोंडात रुमाल कोंबून हसे. तिसऱ्या दिवशी बाईंनी त्याला वर्गाबाहेर काढला. तो बाहेरच होता, तेव्हा घराबाहेर काढला.

पहिले पंधरा दिवस रडकथा होती. आकड्यांमध्ये अक्षरं दिसली की पैलवानच्या डोक्यावर झाकण पडायचं. मग एकदा, वही मिटता मिटता, बाईंनी सहज विचारलं, “तुमच्याकडे साडेतीन हजार पावांना पीठ किती लागतं?”

“एकशे पाच किलो. पाणी त्रेसष्ट लिटर. हवा दमट असेल तर पाणी दीडदोन लिटर कमी.”

“कशावर मोजलंस?”

“मोजायचं काय त्यात? पीठ मळायच्या यंत्रासमोर वही घेऊन बसतं का कोणी?”

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. “हेच तर प्रमाण! मग नववीत काय झालं होतं तुला?”

“नववीत नळ होते, बाई. एक नळ टाकी भरतोय, दुसरा रिकामी करतोय. मला वाटायचं, आधी तो दुसरा बंद करावा.”

“तसंच लिहिलं होतंस.”

“तुम्हाला आठवतंय? एकोणीस वर्षं झाली!”

“शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवलं होतं मी. सगळ्या हसल्या होत्या.” बाई चष्मा पुसू लागल्या. “शून्य दिलं, ते द्यायलाच हवं होतं. पण हसले मीसुद्धा होते.”

त्या दिवसानंतर पैलवानच्या डोक्यावरचं झाकण जरा सैल झालं. बाईंनीही नळ सोडून दिले आणि सगळी गणितं पिठावर आणली.

परवाना तिने बेकरीला पीठ आणणाऱ्या लॉरीच्या ड्रायव्हरकडून शिकून काढला. दुसऱ्या खेपेला मिळाला. पहिल्या खेपेला लॉरी मागे घेताना परीक्षकाचीच सायकल चाकाखाली आली होती.

राहिलं चढणं. त्यासाठी खांबकाका होते. चार घरं सोडून राहणारे, कंपनीतून निवृत्त झालेले लाईनमन, गुडघ्यांनी संप पुकारलेला, जीभ अजून कामावर. त्यांनी आपल्या परसात एक जुना लाकडी खांब पुरून ठेवला होता. त्यांच्या बायकोला तो कपडे वाळत घालायला आहे असं सांगितलेलं होतं. पैलवानने विषय काढताच काकांनी वाळत घातलेले कपडे उतरवले, दोरी सोडली आणि कपाटातून कमरेचा पट्टा आणि पायाला बांधायचे लोखंडी आकडे बाहेर आणले.

“खांबाला मिठी मारायची नाही,” त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. “तो काही तुझा मामा नाही. अंग मागे टाकायचं, भार पट्ट्यावर द्यायचा. मिठी मारलीस की आकडे निसटतात.”

रोज हातभर, दोन हात असं करत पैलवान चढायला शिकली. सुरक्षादोरीचं टोक काका धरत. नवऱ्याचं काम पाण्याची बाटली घेऊन उभं राहायचं, तेही खांबाकडे पाठ करून.

तिसऱ्या आठवड्यात ती पाच मीटरवर पोचली आणि चूक करून बसली. तिने खाली बघितलं. काका बशीएवढे दिसत होते, नवऱ्याचं टक्कल नाण्याएवढं. पुढच्या क्षणी तिने खांबाला घट्ट मिठी मारली.

“सोड त्याला!” काका ओरडले. “मागे हो! दोरी माझ्या हातात आहे!”

“नाही!”

“काय झालं? काय झालं?” नवरा पाठमोराच विचारू लागला.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. काकांनी समजावलं, दटावलं. नवऱ्याने डोळे मिटून, तोंड फिरवून “मी आहे ना!” असं सांगितलं, त्याचा कोणालाच उपयोग झाला नाही. शेवटी तो धावत जाऊन आईला घेऊन आला. बाईंनी वर बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज वर्गातला होता.

“एका खांबाचा पाचवा भाग जमिनीत आहे. जमिनीच्या वर आठ मीटर. खांब एकूण किती लांब?”

“बाई, आत्ता?”

“प्रश्न विचारलाय मी.”

पैलवान खांबाला गाल टेकवून पुटपुटू लागली. मग, “वरचे आठ म्हणजे चार भाग. एक भाग दोनचा. दहा मीटर!”

“उत्तर बरोबर. पण तोंडी मार्क मिळत नाहीत. समीकरण मांडून दाखव.”

“इथे कशावर मांडू?” पैलवान वैतागून ओरडली. “दोन्ही हात गुंतलेत माझे!”

“मग खाली येऊन मांड. वही आणलीय मी.”

पैलवानला इतका संताप आला की मिठी आपोआप सुटली. अंग मागे गेलं, भार पट्ट्यावर आला, आणि आकडे खटाखट रोवत ती उतरली, ती थेट बाईंसमोर. बाईंनी वही पुढे केली. तिने उभ्या उभ्या समीकरण मांडलं. बाईंनी बरोबरची खूण केली आणि मग तिथल्याच उलट्या बादलीवर मटकन बसल्या. नवऱ्याने बाटली पैलवानला द्यायची ती आईला दिली.

“उद्या परत याच वेळी,” काका म्हणाले. “आणि बाई, तुम्ही पण या.”

पात्रता परीक्षेत पैलवानला एकोणऐंशी मिळाले. बाईंनी “एकवीस कुठे गेले?” एवढंच विचारलं, पण त्याच संध्याकाळी त्या गल्लीतल्या दोन दुकानांत काही कारण नसताना जाऊन आल्या. चढण्याच्या चाचणीत टोकाला पोचल्यावर दोन्ही हात सोडून, खालून फेकलेला चेंडू झेलायचा होता. पैलवानने पहिलाच झेलला. दुसरा तिने “अजून एक टाका” म्हणत स्वतःच मागितला, कोणी सांगितलेलं नसताना.

मुलाखतीला टेबलामागे तिघं होते. मधल्या साहेबांनी विचारलं, “वरिष्ठ म्हणाले, लाईन बंद आहे, कर सुरुवात, तर काय करशील?”

“स्वतः तपासीन.”

“वरिष्ठांवर विश्वास नाही?”

“विश्वास आहे हो. बेकरीत पीठ मळायचं यंत्र साफ करायला हात आत घालावा लागतो. मी त्याचा फ्यूज काढून आपल्या खिशात ठेवते. एकदा मालकांनी मी आत असताना बटण दाबलं. त्यांना वाटलं, साफ करून झालं. मालक चांगला माणूस आहे. पण फ्यूज माझ्या खिशात होता, म्हणून हे दोन्ही हात तुमच्यासमोर आहेत.”

तिघांनीही तिच्या हातांकडे बघितलं.

जागा बारा, आणि यादीत तिचं नाव तेरावं. प्रतीक्षेत. दोन आठवडे असेच गेले. हजेरी बंद झाली होती, तरी बाई चार वाजले की स्वयंपाकघरात येऊन बसत आणि उगाच डबे पुसत. मग एक दिवस बेकरीत फोन आला. निवडलेल्यांपैकी एकाला दुसरीकडे नोकरी लागली होती; सोमवारी रुजू व्हा. मालकाने अभिनंदन केलं, मग पोत्यांच्या थप्पीकडे बघून हताशपणे म्हणाला, “तुझ्या जागी आता दोघं घ्यावी लागतील.”

पहिले तीन महिने तिला खांबाला हातसुद्धा लावू दिला नाही. खड्डे खणायचे, दोर गुंडाळायचे, गाठी मारायच्या, अवजारं पुसायची. चौथ्या महिन्यात ती खऱ्या लाईनवर चढली.

आता तिचं दुसरं वर्ष चालू आहे. काम तिला येतं, पण मुकादम तिच्यावर एका गोष्टीवरून ओरडतो. वर पोचली की ती आधी आजूबाजूच्या गच्च्या बघून घेते. लोक गच्चीवर काय काय ठेवतात! तीन पायांच्या खुर्च्या, फुटका बाथटब, एका ठिकाणी तर पूर्ण दरवाजा, भिंतीला टेकवलेला, कुलूप लावलेला. परवा एक जाडजूड गृहस्थ गच्चीवर एकटेच नाचाची तालीम करत होते. पैलवानशी नजरानजर झाली, ते थिजले. तिने वरूनच हात हलवून त्यांना ‘चालू द्या’ अशी खूण केली.

“अगं ए, वर काय नाटक बघायला गेलीस का?” खालून मुकादम ओरडला.

“थांबा हो,” ती म्हणाली, “अजून एक गिरकी राहिलीय त्यांची.” आणि पाना काढून कामाला लागली.