गुरुवारी परत येणारा

उजवा तळवा टेबलावर पालथा ठेवायचा, डोळे मिटायचे आणि विचारायचं, "आला का?"

दर गुरुवारी सकाळी अकरा वाजता काका हे करायचे. स्क्रीनकडे ते स्वतः कधी बघत नसत. बघायचं काम शबानाचं. ती म्हणायची, "आला काका, बराबर आला." मग काका डोळे उघडत आणि चहा सांगत.

तुम्ही ऑफिसातली माणसं न्याहाळत असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, प्रत्येकाचा एक विधी असतो. कुणी संगणक सुरू करण्याआधी त्याला नमस्कार करतं, कुणी नुसतंच साहेबाला. काकांचा विधी मला त्याच जातीतला वाटायचा. मी तेव्हा अशा गोष्टींना हसत असे.

जुन्या जालन्यात, कापडाच्या एका ठोक दुकानाच्या वर, आमचं चार माणसांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस. बियाण्याच्या कंपन्या शेतकऱ्यांकडून त्यांच्या रानात बियाणं पिकवायचे प्लॉट करून घेतात. निरीक्षक प्लॉटवर जातो आणि शेतकरी हजर होता का, भेट कधी झाली, एवढं मोबाइलवर नोंदवतो. आमचं ॲप म्हणजे इतकंच. मालक त्याला 'इकोसिस्टिम' म्हणत. काका त्याला 'हजेरीपट' म्हणत.

काका डेटाबेस सांभाळायचे. परतूरचे. सकाळी दारातून 'जय भीम' घालत यायचे, चप्पल भिंतीला चिकटवून ठेवायचे आणि दिवसभरात दहा-बारा वाक्यं बोलायचे. दर पहाटे डेटाबेसची बॅकअप प्रत निघायची. गुरुवारी ते एक कोरं मशीन घेऊन त्या प्रतीतून सगळं पुन्हा उभं करायला लावत. उभं राहिलं की एकच ओळ शोधायची. ती आली म्हणजे सगळं आलं.

अशा चाचणीच्या ओळीत बाकीचे लोक 'एबीसी' लिहितात. काकांच्या ओळीत एक पूर्ण नाव होतं, गाव परतूर, जन्मतारीख, आणि शेऱ्यात 'डाव्या भुवईवर व्रण'. स्थिती : हजर.

"एवढं बारीक कशाला, काका?" मी एकदा विचारलं.

"माणूस आहे म्हणल्यावर माणसासारखा लिहावा," ते म्हणाले.

मागच्या वर्षी ॲप नव्या जागी हलवायचं ठरलं. मालक पुण्याहून एक सादरीकरण घेऊन आले. पहिल्या पानावर रॉकेट होतं. शेवटच्या पानावरही रॉकेट होतं, फक्त जरा वर सरकलेलं. काकांनी भिंतीला कार्डशीट लावलं आणि रकाने आखले. एका बाजूला ॲप चढवायच्या सेवा : एक अशी की बटण दाबलं की ॲप वर, आत काय चाललंय ते विचारू नका, दुसरी अशी की नुसतं रिकामं मशीन मिळतं, बाकी सगळं तुमच्या हातानं. दुसऱ्या बाजूला दोन डेटाबेस. एकाच्या चिन्हावर हत्ती, दुसऱ्याच्या चिन्हावर डॉल्फिन. म्हणून आम्ही त्यांना हत्ती आणि मासा म्हणायचो. डॉल्फिन मासा नसतो, हे शबाना दर वेळी सांगायची.

वेग, सोय, दिसणं हे रकाने काकांनी मालकांसाठी कोरे सोडले. स्वतः फक्त शेवटचा भरला. त्याचं शीर्षक होतं : परत आणतो का?

बटणवाल्या सेवेचा एक माणूस व्हिडिओवर तासभर बोलला. काका म्हणाले, "चढवून दाखवलं. आता पाडून दाखवा."

"सर, हमारा गिरता ही नहीं."

"मंग पडल्यावर काय करायचं ते तुम्हालाच माहीत न्हाई," काका म्हणाले आणि चहा प्यायला उठले. मालकांनी कॅमेऱ्याकडे बघून दहा मिनिटं माफी मागितली.

रिकामं मशीन ठरलं. डेटाबेसांत हत्ती जिंकला. काकांचं म्हणणं असं की तो नाती धरून ठेवतो. एखाद्या शेतकऱ्याच्या भेटी नोंदलेल्या असतील तर तो त्या शेतकऱ्याला पुसू देत नाही, आधी अडवतो. "मासाही आता धरतो," काका म्हणाले, "पण त्याच्या जुन्या पद्धतीत शेतकरी पुसला तरी भेटी तशाच राहायच्या, लेकरं बापाशिवाय फिरायची. ते माझ्या डोक्यातून जात न्हाई."

हलवायचा आठवडा आला. मंगळवारी मी धावड्याला एका प्लॉटवर ॲप दाखवायला गेलो होतो. ऑफिसात त्या दिवशी काय झालं ते मला नंतर कळलं. तुम्हाला नंतरच सांगतो. बुधवारी मालक म्हणाले, नव्या जागी डेटा स्वच्छ पाहिजे, टेस्टचा कचरा काढ. मी काढत गेलो. 'एबीसी' गेला, 'टेस्ट वन' गेला, मालकांनी स्वतःच्या नावानं केलेला चार प्लॉटांचा शेतकरी गेला. मग परतूरची ओळ आली.

हत्तीनं अडवलं. या ओळीला भेटी जोडलेल्या आहेत, म्हणाला. मी उघडून पाहिलं. दर गुरुवारची एक भेट, निरीक्षक काका, शेरा एकच : 'भेट झाली.' पानं सरकवत गेलो तरी संपेनात. मला गंमत वाटली. नात्यासकट पुसायची एक आज्ञा असते. मी ती दिली. हत्तीनं एकदाच विचारलं, मी एकदाच 'हो' म्हटलं. गुरुवारच्या चाचणीला उद्या दुसरी ओळ घालू, असं ठरवून मी घरी गेलो आणि विसरलो.

गुरुवारी काकांनी तळवा टेबलावर ठेवला.

"आला का?"

खाली दुकानात कापड टरटर फाडल्याचा आवाज आला. शबाना यादी खालीवर करत होती.

"न्हाई आला, काका."

"परत बघ."

"बघितलं काका. दोनदा. बाकी सब आया."

काकांनी डोळे उघडले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या स्क्रीनकडे पाहिलं. मग त्यांनी फोन लावला. म्हणाले, "वहिनी, तो शब्द लिहा." एवढंच. मी चार हातांवर बसलो होतो. बोलण्यासाठी तोंड उघडलंही होतं. पण काकांचा चेहरा कोऱ्या मशीनसारखा दिसत होता, आणि मला वाटलं, चहानंतर सांगू.

दुपारच्या चहाला शबानानं मला मंगळवारचं सांगितलं.

वहिनी ऑफिसात आली होती. काकांच्या थोरल्या भावाची बायको. मुलीचं लग्न ठरलेलं, पत्रिका प्रेसमध्ये. बौद्धांच्या पत्रिकेत, गेलेल्या माणसाच्या नावाआधी 'कालकथित' छापतात. नवरीच्या बापाच्या नावाआधी ते छापायचं की नाही, हे प्रेसवाल्याला गुरुवारपर्यंत हवं होतं.

कारण बाप गेला की आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं. चौदा वर्षांपूर्वी दोघं भाऊ परतूरच्या स्टेशनवर गाडीची वाट बघत होते. थोरला म्हणाला, बाटली भरून येतो. काका सामानाजवळ बसले, पेटीवर तळवा ठेवून. जरा डोळा लागला. उघडला तेव्हा गाडी येऊन गेल्ती, आणि भाऊ आल्ता न्हाई. परतूरच्या ओळीतलं पूर्ण नाव त्याच भावाचं होतं.

"भाऊजी, मी बायको हाये का बेवा, एक काय ते सांगा," वहिनी म्हणाली होती. "घरात मोठे आता तुम्हीच. तुम्ही म्हणाल तसं छापते."

"गुरुवार होऊ द्या, वहिनी."

"गुरुवारी काय होऊन राह्यलंय? चौदा वर्षं होऊ द्या, होऊ द्याच चालू हाय तुमचं. पोरीनं काय तुमच्या मशीनसमोर लगीन लावावं?"

काकांनी तिला पाणी दिलं आणि जिन्यापर्यंत सोडायला गेले.

शबानाचं सांगून झालं तेव्हा चार वाजले होते. प्रेस चार गल्ल्या पलीकडे होती. चालत गेलो असतो तरी छपाई थांबली असती. मी विचार केला, चौदा वर्षं झाली, कधीतरी कुणीतरी हे ठरवायलाच हवं होतं, वहिनीचीही सुटका झाली. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला भित्रेपणा असा मुद्देसूद सुचतो. मी गेलो नाही.

लग्न परतूरला झालं, चांगलं झालं. वहिनीचा चेहरा वर्षानुवर्षांचं ओझं उतरवल्यासारखा दिसत होता. काकांनी मला आग्रहानं वाढलं. हात धुताना म्हणाले, "बरं झालं. आता स्टेशनावरून जाताना बाकड्याकडं बघावं लागत न्हाई." त्यांनी हे इतक्या शांतपणे सांगितलं की ओळ मी पुसली होती हे मी तेव्हाही सांगितलं नाही.

त्यानंतर गुरुवारची चाचणी चालू राहिली, पण काका नुसते विचारत, "झालं का?" आणि हात मांडीवर ठेवत. थंडीत ते दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला. दुपारी जेवून पडले होते, उठलेच नाहीत. त्यांच्याही नावाआधी तो शब्द लागला. त्यांचं लॉगिन मी माझ्या हातानं बंद केलं.

आता गुरुवारचं काम माझ्याकडे आहे. बॅकअपच्या प्रती आम्ही महिनाभरच ठेवतो. जुन्या आपोआप पुसल्या जातात. मी पुसलेलं आज कुठल्याही प्रतीत असायचं कारण नाही. हे मी पुन्हा पुन्हा तपासलं आहे, म्हणून सांगतो.

गेल्या गुरुवारी अकरा वाजता लाइट गेली होती. पंखे बंद, इन्व्हर्टरवर फक्त मशीनं. शबाना चाचणी लावून बसली होती, मी काकांच्या खुर्चीत. माझा हात टेबलावर पालथा पडला होता, हे माझ्या मागाहून लक्षात आलं.

"आला का?" मी विचारलं. थट्टेनंच विचारलं.

शबानानं स्क्रीन माझ्याकडे वळवली.

पूर्ण नाव. गाव परतूर. डाव्या भुवईवर व्रण. स्थिती : हजर. खाली भेटींच्या यादीत एकच भेट, त्या दिवशीच्या तारखेची, वेळ पहाटेच्या प्रतीच्या जरा आधीची. निरीक्षकाच्या रकान्यात काकांचा क्रमांक. शेरा : 'भेट झाली.'

याला काहीतरी कारण असेल. यंत्रांना कारणं असतात. मी अजून शोधलेलं नाही. त्या लग्नाची पत्रिका माझ्या खणात आहे. तीही मी उघडून पाहिलेली नाही.

"टेस्ट डेटा दिसतोय," शबाना हळूच म्हणाली. "पुसू?"

"राहू दे," मी म्हणालो, आणि टेबलावरचा हात उचलायचा धीर मला लवकर झाला नाही.