आभाराचं पान

धर्मपाल तायडे अकोल्यात पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं नोकरीला होते, आणि या एकतीस वर्षांत त्यांच्या टायपिंगमध्ये चूक सापडली असं सहसा झालं नाही. नवा साहेब आला की जुना हेडक्लार्क त्याला सांगायचा, "तायड्यांचा कागद वाचत बसू नका, खुशाल सही करा." पातूरजवळच्या खेड्यात त्यांची आई चतुराबाई लोकांच्या वावरात तण निंदायला जायची. तिनंच पोराला अकोल्यात आपल्या बहिणीकडे ठेवून टायपिंगच्या क्लासला घातलं होतं. पुढे ऑफिसातली टायपिंगची मशीनं गेली आणि कॉम्प्युटर आले. बरोबरीच्या लोकांनी हात टेकले. धर्मपाल मात्र सुटी झाल्यावर रोज तासभर थांबायचे आणि एकटेच शिकायचे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी घरी कॉम्प्युटर घेतला. कौलखेडकडच्या त्यांच्या कॉलनीत कुणाचा अर्ज, कुणाच्या पोरीचा बायोडाटा, बुद्धविहाराच्या कार्यक्रमाची पत्रिका, सगळं त्यांच्या बैठकीतल्या टेबलावरून जायचं. ते मास्तर नव्हते, तरी लोक त्यांना 'तायडे सर' म्हणत. त्यांना ते आवडायचं.

असा हा माणूस एक नाव ऐकलं की मात्र कडू गोळी चघळल्यासारखं तोंड करायचा. ते नाव त्यांच्या साडूचं, अश्विन गवईचं. बायकोची, वत्सलाबाईंची, धाकटी बहीण भावना त्याला दिलेली. अश्विन अमरावतीत एका पॉलिटेक्निकमध्ये प्रयोगशाळा सहायक. धर्मपालांपेक्षा चौदा वर्षांनी लहान, बोलायला मऊ. त्यानं कधी मोठेपणा मिरवला नाही. मिरवला असता तर बरं झालं असतं, धर्मपालांना त्याचा रागराग करायला काही कारण तरी मिळालं असतं.

दुखणं जुनं होतं. सासऱ्यांचे पेन्शनचे कागद वर्षानुवर्षं धर्मपालच करत. म्हातारा पिशवीत कागद घालून अकोल्याला यायचा, दोन दिवस राहायचा, जाताना म्हणायचा, "धर्मपाल हाये म्हनून मी हाये." भावनाच्या लग्नानंतर एक वर्ष म्हातारा आलाच नाही. धर्मपालांनी फोन केला तर म्हणाला, "राहू दे बापू, अश्विननं मोबाईलवरच करून देलं. पाच मिनिटं लागले." त्या पाच मिनिटांनी धर्मपालांच्या मनात जे घर केलं, ते सासरे वारल्यावरही हललं नाही. त्यात वत्सलाबाईंची सवय अशी की घरात मिक्सर बंद पडो की मोबाईल, त्यांच्या तोंडात एकच वाक्य, "अश्विनभाऊले विचारा ना."

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. कॉलनीतल्या विहाराला पंचवीस वर्षं होत होती आणि माघ पौर्णिमेला स्मरणिका काढायचं ठरलं. कमिटीचे अध्यक्ष भगवंतराव सिरसाट बैठकीत म्हणाले, "काम मोठं हाये. तायडे सर, तुमचे साडू अमरावतीले हायेत ना? त्यायले देऊ का? लॅपटॉपवर झटकन करतीन."

"मी काय मेलो काय?" धर्मपाल म्हणाले.

सगळे हसले आणि काम धर्मपालांकडे आलं.

पहिली साठ पानं झरझर झाली. मग एका सकाळी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली फिकट अक्षरं उमटली. इंग्रजीत लिहिलं होतं की विंडोज सक्रिय करा. त्यांनी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. अक्षरं तिथंच. दुसऱ्या दिवशी वर्डच्या फाइलीवर लाल पट्टा आला, या उत्पादनाला परवाना नाही म्हणून. तो बंद केला की जायचा, पुन्हा उघडलं की यायचा.

परवाना नाही, हे शब्द त्यांना फार लागले. जन्मभर सरकारी कागद सरळ ठेवलेला माणूस, आणि त्याच्या घरातला कॉम्प्युटर त्यालाच चोर म्हणत होता. कॉम्प्युटर तर त्यांनी रीतसर बिलावर घेतला होता. मध्यंतरी तो फार हळू झाला म्हणून गल्लीच्या तोंडाशी असलेल्या एका दुकानात दिला होता. दुकानदारानं आतली डिस्क बदलून दिली आणि म्हणाला होता, "सगळं नवीन टाकून देलं, काका." तेव्हा काय टाकलं हे विचारायचं सुचलं नव्हतं. आता विचारायला गेले, तर दुकानाच्या जागी पाणीपुरीवाला उभा होता.

अश्विनला फोन लावला असता तर काम तिथंच मिटलं असतं. फोन हातातच होता. पण त्याला एकदा सांगितलं की भावनाला कळणार, भावनाकडून वत्सलाला, आणि मग पुढची दहा वर्षं ते ऐकावं लागणार. धर्मपालांनी कपाटातून मलमपट्टीची चिकटपट्टी काढली, दोन बोटं रुंद तुकडा कापला आणि पडद्याच्या कोपऱ्यावर लावून टाकला.

"हे काय लावलं?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"ओरखडा पडला."

चिकटपट्टीनं अक्षरं झाकली, पण आठ दिवसांनी वर्डनं लिहून घेणंच बंद केलं. फाइल उघडायची, वाचता यायची, बोटं चालायची आणि पडद्यावर एक कानामात्रा उमटायची नाही. मग धर्मपालांनी इंटरनेटवर शोधलं. एका जागी सापडलं की एक लहानसा प्रोग्राम उतरवून घ्या, चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करा, म्हणजे कायमचं चालू होईल. हे काही खरं नव्हे, एवढं त्यांना कळत होतं. ज्याला आपला दरवाजा आधी उघडा ठेवावा लागतो तो कसला राखणदार? पण अश्विनचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि त्यांनी बटण दाबलं.

वर्ड काही सुरू झालं नाही. उलट, काही उघडायला गेलं की जुगाराच्या आणि नको त्या जाहिराती पडदाभर पसरू लागल्या. वत्सलाबाई चहा घेऊन आल्या की ते मॉनिटरच बंद करू लागले.

बायकोला संशय यायला एवढं पुरे होतं. एका दुपारी ते बाजारात गेले असताना वत्सलाबाईंनी कॉम्प्युटर लावला, जाहिराती पाहिल्या, चिकटपट्टी नखानं उचकटली, खालच्या अक्षरांचा मोबाईलवर फोटो काढला आणि भावनाला पाठवून दिला. धर्मपाल परत आले तेव्हा त्या म्हणाल्या, "अश्विनभाऊ रविवारी येऊन राहिले."

"तुले कोनी सांगतलं होतं?"

"कोनी नाई. स्मरणिका कोनाच्या बापाची नाई, विहाराची हाये."

रविवारी अश्विन आणि भावना मूर्तिजापूरवरून येणाऱ्या बसनं आले. "जय भीम, दादा," म्हणून अश्विन वाकून पाया पडला. धर्मपालांनी "बस" म्हटलं आणि पेपर उघडला. अश्विन पाणी प्यायला आणि सरळ कॉम्प्युटरचा डबा भिंतीपासून ओढून त्यानं मागची बाजू पाहिली.

"दादा, हा तं तुमी लायसनवालाच घेतला होता. हे पाहा, कंपनीचं स्टिकर."

"मग मी काय चोरीचा आनला होता?"

"तसं नाई म्हनत मी. यात होम नावाचं विंडोज येते. त्याचा परवाना यंत्राच्या आत बसवलेला असते, तो कोठी जात नाई. दुकानवाल्यानं डिस्क बदलली तवा त्याच्यावर प्रो टाकून देलं, मोठं, पन बिनपरवान्याचं. वर्डबी तसंच. काही महिने चाललं आणि मंग बोंब मारली. आपन होम टाकू, ते मशीनले वळखून घेते. वर्डच्या जागी फुकटातलं कायदेशीर मिळते, ते टाकू. तुमच्या फाइली आधी पेन ड्राइव्हवर घेतो."

धर्मपाल पेपरच्या आडून पाहत होते. पाच मिनिटं, त्यांच्या मनात आलं. आता हा म्हणणार पाच मिनिटं लागले.

फाइली काढताना अश्विनचा हात थांबला. डाउनलोडच्या कप्प्यात तो प्रोग्राम पडला होता, आणि शेजारी तारीख होती. गेल्या मंगळवारची. वत्सलाबाई आणि भावना मागेच वांगी चिरत बसल्या होत्या.

"हे काय हाये हो?" वत्सलाबाईंनी विचारलं. "यानंच जाहिराती येऊन राहिल्या काय? कोनं टाकलं हे?"

"मले का माहीत," धर्मपाल म्हणाले.

अश्विननं मान वर केली नाही. "दुकानवाल्यानंच टाकलं असन, ताई. हे लोक टाकून ठेवतात," म्हणाला, आणि ते पुसून टाकलं.

त्यानं तारीख वाचली होती, हे धर्मपालांना दिसलं. आपल्याला दिसलं हे त्यालाही कळलं. त्या क्षणी त्यांना या माणसाचा जेवढा हेवा वाटला, तेवढा आधी कधीच वाटला नव्हता. हुशारीचा हेवा सोसता येतो. पण समोरच्यानं चारचौघांत आपली अब्रू राखावी, तीही न बोलता, हे त्यांना गिळता येईना. त्या दुपारी वांग्याची भाजी झणझणीत झाली होती. सगळे पुन्हा पुन्हा वाढून घेत होते. धर्मपाल अर्ध्या भाकरीवर उठले.

चार वाजेस्तोवर कॉम्प्युटर चालू झाला. कोपरा स्वच्छ होता. धर्मपालांच्या सवयीच्या जुन्या मराठी कीबोर्डची मांडणीही अश्विननं शोधून बसवून दिली आणि म्हणाला, "लिहून पाहा, दादा." धर्मपालांनी एक ओळ टाइप केली. उमटली. "ठीक हाये," ते म्हणाले. आणखी काही म्हणायला हवं होतं. पाहुणे साडेपाचच्या बसनं गेले, तोवर काही सुचलं नाही.

राहिलेली पानं दहा दिवसांत झाली. शेवटी आभाराचं पान होतं. भगवंतरावांनी हातानं लिहिलेली यादी आणून दिली आणि म्हणाले, "कोनी राहिलं असन तं तुमीच टाका, सर. मधात कॉम्प्युटर बंद पडला होता म्हनते?"

"थोडासा. केला मी ठीक."

पुढचं सगळं या दोन वाक्यांवरच उभं राहिलं. त्यांनी यादी टाइप केली. शेवटी 'श्री. अश्विन गवई, अमरावती' असं लिहिलं, वाचलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं. मग लिहिलेलं कोण पाहतं, म्हणून पुन्हा पुसलं आणि फाइल छापखान्यात दिली.

माघ पौर्णिमेला विहाराचं अंगण भरलं होतं. अश्विन आणि भावनाही आली होती. भगवंतराव माइकवर बोलायला उभे राहिले. "आपल्या तायडे सरांचा कॉम्प्युटर ऐन वेळी बंद पडला. पण या वयात त्यांनी तो स्वतः दुरुस्त केला आणि ही स्मरणिका वेळेवर दिली." टाळ्या झाल्या. धर्मपालांची नजर आपोआप अश्विनकडे गेली. तो टाळ्या वाजवत होता. त्याच्या दोन खुर्च्या पलीकडे वत्सलाबाई मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या.

जेवणाच्या पंगतीत अश्विन स्मरणिका चाळत होता. आभाराच्या पानावर तो थांबला, सगळं वाचलं, पान उलटलं. "दादा, छपाई सुरेख झाली," म्हणाला. आवाजात काहीच नव्हतं, राग नाही की टोमणा नाही. धर्मपालांनी टोमणा नीट शोधून पाहिला.

घरी आल्यावर वत्सलाबाई साडी घडी करता करता म्हणाल्या, "टाळ्या गोड लागल्या काय?"

दोन दिवस धर्मपालांनी कॉम्प्युटर लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटरसमोर बसले. जुन्या पुस्तकांत शुद्धिपत्र असायचं, बोटभर चिठ्ठी, चुकीच्या पानाला चिकटवलेली. तसं त्यांनी लिहायला घेतलं. 'पृष्ठ ७४, आभार. संगणक दुरुस्त करून देणारे श्री. अश्विन गवई, अमरावती यांचे नाव अनवधानाने राहून गेले आहे.' वाचलं. 'अनवधानाने' या शब्दावर बोट अडलं. ते उठले, पाणी प्यायले, परत येऊन बसले. तो शब्द खोडला. 'राहून गेले आहे' हेही खोडलं आणि लिहिलं, 'यांचे नाव मी घातले नव्हते. ते घालावे. ध. तायडे.'

भगवंतरावांना ती चिठ्ठी दाखवली तेव्हा ते गोंधळले. "अहो सर, एवढीशी गोष्ट. काहून करता? लोक काय म्हनतीन?"

"जे म्हनायचं ते म्हनू द्या."

विहाराच्या कपाटातल्या प्रतींना चिठ्ठ्या लावणं सोपं होतं, तिथं विचारणारं कुणी नव्हतं. वाटलेल्या प्रतींसाठी मात्र ते डिंकाची बाटली घेऊन घरोघर गेले. पहिल्याच घरी एका बाईनं विचारलं, "हे गवई कोन?"

"माहा साडू," धर्मपाल म्हणाले. एवढं बोलून थांबता आलं असतं. "अमरावतीले असते. हुशार पोरगा हाये."

शेवटचं वाक्य म्हणताना ते मध्येच अडखळले. दुसऱ्या घरीही तोच प्रश्न आला, पाचव्या घरी पुन्हा. प्रत्येक दारात त्यांना ते वाक्य नव्यानं म्हणावं लागलं, आणि प्रत्येक वेळी आत कुठंतरी टोचलंच. ते टोचणं गेलं असं ते आजही म्हणत नाहीत. पण चार दिवसांनी डिंकाची बाटली संपली, तोवर वाक्य मध्ये न अडखळता पूर्ण होऊ लागलं होतं.

एक प्रत त्यांनी चिठ्ठी लावून अमरावतीला पोस्टानं पाठवली. वर पत्ता स्वतःच्या हातानं लिहिला.