सरी आणि वरंबा

नवऱ्याच्या टाचेवर काळा डाग आला, तो कुरूप समजून त्यांनी त्यावर बिब्ब्याचं गरम तेल लावलं. केदारखेड्याकडे कुरुपावर सगळे तेच लावतात. डाग गेला नाही, वाढलाच. तेव्हा दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं.

डाग दाखवायला जालन्याच्या दवाखान्यात यायला ते तयार नव्हते. थोरल्या दिरांच्या गाठीचा तुकडा तपासायला काढला आणि वर्षाच्या आत ते गेले. हत्यार लागलं की कॅन्सर पसरतो, हे तेव्हापासून घरात पक्कं झालं होतं. मी आधी एकटी जाऊन विचारून आले. तिथे कापत नाहीत, भिंगातून नुसतं बघतात, असं सांगून त्यांना नेलं.

भिंग मुठीत मावेल एवढं, आत दिवा. कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी टाचेला तेल लावून ते टेकवलं आणि डोळा लावून बघितलं. मग मला बघायला लावलं. तळपायाच्या रेघा शेतातल्या सरी-वरंब्यासारख्या दिसत होत्या. बाईंनी सांगितलं, काळं खोलगट सरीत असेल तर बहुधा साधा तीळ. उंच वरंब्यावर असेल तर कॅन्सरची काळजी. यांचं वरंब्यावर होतं. पण बिब्ब्याचा रंगही वरंब्यावरच धरतो, त्यामुळे नक्की सांगता येईना. बाई म्हणाल्या, बिब्बा बंद करा, रंगलेलं कातडं झडलं की या.

रोज सकाळी मी उन्हात त्यांची टाच बघायचे. कुणाला काही सांगितलं नाही. ते विचारायचे, गेलं का? मी म्हणायचे, जाऊन राह्यलंय. कडेचं जात होतं. मधलं हलत नव्हतं.

दुसऱ्या खेपेला भिंगात कडेच्या रेघा स्वच्छ होत्या. मधल्या वरंब्यांवर काळं तसंच. डाग लहान आहे तोवर पूर्ण काढून तपासायला हवा, असं बाई म्हणाल्या. हे माझ्याकडे वळले.

"तूच म्हन्लीस, कापत न्हाईत."

"भिंगानं न्हाईच कापलं. दाखवलं फक्त."

"तुला बराबर दिसलं?"

"दिसलं. वरंब्यावर हाय."

ते टेबलावर पालथे झाले. बाई म्हणाल्या, आज नको, घरी विचार करून या.

"आत्ताच काढा," ते उशीत तोंड खुपसून म्हणाले. "उठलो तर मी परत येनार न्हाई."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यांनी नर्सला भुलीची सुई भरायला सांगितली.