रेघ येईपर्यंत

टॅबलेटवर पेनने लिहिलेलं ओळखून छापील अक्षरांत उमटवणारं ॲप आमच्या ऑफिसात बनतं. त्यात काही बदललं, की जुने नमुने पुन्हा चालवून बघायचे, ही आमची रीत. नमुना म्हणजे कुणीतरी काचेवर लिहिलेला शब्द, हाताच्या वेगासकट आणि दाबासकट साठवलेला.

आज दुपारी मी रजनीताईंचा नमुना लावला. त्या आमच्याकडे चाचणी करायच्या. त्यांना जाऊन आता वर्ष होईल. पडद्यावर आपोआप अक्षरं उमटली, 'येते'. घरी निघताना त्या रोज हाच शब्द लिहायच्या. शिरोरेघ मात्र लगेच द्यायच्या नाहीत. पेन उचलून लिहिलेलं एकदा न्याहाळायच्या आणि मग सावकाश रेघ ओढायच्या. सुरुवातीला ॲपला तेवढा धीर नव्हता. बिनरेघेच्या अक्षरांचं ते भलतंच काहीतरी छापून मोकळं व्हायचं. म्हणून आम्ही त्याला रजनीताईंएवढं थांबायला शिकवलं.

"आता कोण लिहितं असं? हे थांबणं कमी करू या का?" शेजारच्या निखिलने विचारलं.

मी पडद्याकडे बघत होते. शब्द उघडाच होता, आणि काचेच्या जरा वर कुणीतरी पेन धरून बसलंय, असं वाटत राहिलं. मग रेघ आली.

"राहू दे," मी म्हटलं.

कुठल्या तरी गावात आत्ता आमच्या ॲपवर लिहिताना कुणी पेन उचललं असेल, आणि पडदा क्षणभर नुसता थांबला असेल. त्या माणसाला वाटत असेल, आपला टॅबलेट जरा हळू चालतो.