सोफ्याची लव

घासूकाकांनी तीस वर्षं कारखान्यात एकच काम केलं. सिंथेटिक धाग्याचं जाड कापड काचपेपरच्या रुळाखालून काढायचं आणि त्यावर अशी मऊ लव उठवायची, की गिऱ्हाइकाने खऱ्या चामड्याला नाक मुरडावं. निवृत्त होताना मिळालेल्या कापडाने त्यांनी सोफा मढवून घेतला आणि घरच्यांच्या नाकी नऊ आणले. त्या लवेवर नुसतं बोट फिरलं तरी खूण उमटायची. ती न्याहाळून काका जाहीर करत, "इथे सूनबाई पाय वर घेऊन बसली होती."

मग डॉक्टरांनी काकांची दुपारची झोप बंद केली आणि त्याऐवजी तासभर चालायला सांगितलं. पहिल्याच दिवशी काकू बाजारातून आल्या नि सोफ्यावर वाकल्या.

"डोकं खिडकीकडे, पाय दाराकडे. मध्ये एकदा कूसही बदललीत."

"तुला गं कसं कळलं?"

"रोज तुमचंच तर ऐकतेय!"

दुसऱ्या दिवशी काकांनी मस्त झोप काढली, उठून जुना ब्रश शोधला आणि सगळी लव एका दिशेने अशी बसवली, की सोफा आत्ताच कारखान्यातून आल्यासारखा दिसावा. मग चपला घालून, कपाळ पुसत दारात उभे राहिले.

काकूंनी सोफा पाहिला.

"आहे का कुठे एक तरी खूण?" काकांनी छाती फुगवून विचारलं.

"नाही ना! इतका सफाईदार हात या घरात एकाच माणसाचा आहे," काकू म्हणाल्या. "आता चपला घातल्याच आहेत, तर निघा चालायला."