हुंगायला मी, चाखायला पुरुष

आज पुतण्याने घरी केलेली बीअर उघडली. एक कॅस्केड हॉप्सची, दुसरी साझची. हॉप्स म्हणजे बीअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं. बीअर करताना त्याला सर्दी होती, म्हणून ती चुरडून मीच हुंगली होती. कॅस्केडला मोसंबीच्या सालीचा वास, साझला वाळल्या गवताचा.

आज चव घ्यायला बसले सगळे पुरुष. माझ्या हातात सरबत!

धाकटे दीर म्हणाले, "दोन्ही सारख्याच लागायल्यात की."

"दिवसभर तंबाखू चघळल्यावर दुसरं काय लागणार, भाऊजी?" म्हणत मी दोन्ही ग्लास ओढले.

"वहिनी, तुमी बी?"

"मी बी."

कॅस्केड नको तितकी कडू झाली होती. साझ छान. पुतण्या म्हणाला, "काकू, पुढच्या वेळी साझच."

मैत्रिणींनो, हुंगायला बाई चालते, मग चाखायला का नाही?