लवाजम्यात कोण लागतं

देवळीच्या बाजारात वांगी-मेथी विकणारी धुरपता कोणाच्या बापाला भ्यायची नाही. भावात घासाघीस करणाऱ्याची ती भर बाजारात हजेरी घ्यायची. नवरा गेला तेव्हा लेक चार वर्षांची होती. डोक्यावर टोपली वाहून धुरपतानं तिला मॅट्रिक केलं. अन् अठ्ठ्याहत्तरच्या वैशाखात त्याच लेकीचं लग्न निघालं, तर दीर पुंडलिकराव म्हणतात कसे, "वयनी, लवाजमा असा आणतो का गावाचे डोळे फाटले पाह्यजे! बँड, घोडा, गॅसबत्त्या. फक्त नवरदेव दारात आला का तुम्ही आतल्या खोलीत बसजा. ओवाळणं सवाशिणीचं काम." आता बोला!

संध्याकाळी बाजारातून येताना ती अण्णाजी गुरुजींच्या ओट्यावर टेकली. शाळेतली नोकरी सुटली तरी म्हाताऱ्याचं शब्दांचं वेड सुटलं नव्हतं.

"गुर्जी, लवाजमा म्हंजे काय हो?"

"अरबी शब्द हाय, बाई. फारसीच्या हातानं दरबारात आला, तिथून आपल्याकडं. जरुरीच्या गोष्टीले आपण लाजमी म्हणतो ना, त्याच्याच घरचा. राजाची स्वारी ज्याच्याबिगर निघतच नाई, तो लवाजमा. मंग लोकायनं झगमग तेवढी धरली अन् गरजेचं काय ते इसरून गेले."

धुरपताच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं. "घोड्याबिगर लगन लागते, गुर्जी. बँडबिगरही लागते. अन् मीच तेवढी फालतू?"

लग्नाच्या दिवशी रोहणा गावाहून नवरदेवाची वरात दारात आली. जाऊ सुलोचनाबाई तबक घेऊन निघाली, तशी आतल्या खोलीतून धुरपता उठली, तिच्या हातातलं तबक घेतलं अन् थेट घोड्यापुढं जाऊन उभी राहिली. बँड चूप झाला.

"वयनी, अपशकून करून राह्यल्या तुम्ही!" पुंडलिकराव ओरडले.

"चौदा वर्सं म्या एकटीनं पोसलं पोरीले, तवा नाई झाला तो अपशकून? आजच काऊन होते?"

धुरपतानं दिवा वर उचलला, नवरदेवाकडं पाहिलं, अन् हात तसाच थांबला.

"जावईबापू, तुमची माय कुठी हाय?"

पोरानं रस्त्यावर उभ्या बसकडं बोट दाखवलं. त्याची आई कुंताबाई, तीही विधवा. वऱ्हाडाच्या त्या बसमध्ये शेवटच्या बाकावर तोंडावर पदर ओढून बसली होती. तिला तिच्याच माणसांनी उतरू दिलं नव्हतं.

"मंग लवाजमा पुरा नाई तुमचा," धुरपता म्हणाली. "थांबा सारे."

तबक घेऊन ती बसपर्यंत गेली. कुंताबाई नाही नाही म्हणत होती, रडत होती. धुरपतानं तिचा हात धरला. "चाला, विहीणबाई. आपल्या दोघींबिगर कोणाचं लगन हाय हे?"

त्या परतल्या तेव्हा नवरदेव घोड्यावरून उतरून खाली उभा होता. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. दोघींनी मिळून एकच तबक धरलं अन् त्याला ओवाळलं. पोरगा आधी आईच्या पाया पडला, मग धुरपताच्या, अन् कोणाला न विचारता बँडवाल्यांनी वाजवायला घेतलं.